वाटीभर म्हणजे किती ग्रॅम?

रमजानचा शेवटचा आठवडा आला की पिंपरी कॅम्पातल्या सुक्या मेव्याच्या दुकानांत गर्दी वाढते. खारीक, बदाम, काजू, पिस्ता, चारोळी, किसमिस, सगळं तराजूवर. शीरखुर्म्याची कृती मात्र घरोघरी वाटीत सांगितली जाते: एक वाटी बदाम, अर्धी वाटी किसमिस, मूठभर चारोळी. चाकणला खोली घेऊन राहणारा, पहिल्यांदाच स्वतः शीरखुर्मा करणारा कामगार या दोन मापांमध्ये अडकतो. दिवसभर व्हर्नियरने मिलिमीटरचे अंश मोजणारा हा माणूस संध्याकाळी फोनवर अम्मीचं 'अंदाजे घाल' ऐकून घेतो. आजच्या भावात तो अंदाज महाग पडतो.

आधी आपली वाटी केवढी ते पाहावं. एक लिटर पाण्यात पावणेसातच्या आसपास वाट्या भरल्या, तर ती दीडशे मिलिलिटरची. अशा वाटीत अख्खे बदाम किंवा किसमिस नव्वद ग्रॅमच्या आसपास बसतात, काजू त्याहून थोडे कमी, सोललेला पिस्ता पंचाहत्तर. अक्रोडाच्या फोडी साठच्या वर फारशा जात नाहीत. खरी गफलत कापांत होते. बदामाचे पातळ काप भरले तर त्याच वाटीत साठ ग्रॅमही मावत नाहीत, कारण मध्ये हवाच जास्त. म्हणून 'एक वाटी बदाम, काप करून' आणि 'एक वाटी बदामाचे काप' या दोन कृतींत दीडपट फरक पडतो. खारीक बियांसह मोजली की बिया काढून, तेही विचारून घ्यावं. वजन भिजवण्याआधीचं धरावं. बासुंदी-खीर करणाऱ्या शेजारच्या घरालाही हाच हिशेब लागू आहे.

हा घोळ नवा नाही. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही आपल्याकडची जुनी मापं भांड्याचीच. पायलीभर बाजरी आणि पायलीभर लाह्या यांचं वजन एक नसतं, हे जुन्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. १९५६ च्या कायद्यानंतर बाजार हळूहळू किलोवर गेला. स्वयंपाकघर वाटीवरच राहिलं.

रमजानमधलं एक देणंही असंच भांड्याच्या मापाचं आहे. ईदपूर्वी गरिबांना द्यायचा फित्रा 'साअ' या मापाने ठरतो. एक साअ म्हणजे चार मुद्द, आणि एक मुद्द म्हणजे साधारण माणसाची भरलेली ओंजळ. हनफी परंपरेत माणशी गहू अर्धा साअ. जव, खजूर किंवा किसमिस पूर्ण साअ. त्याचे किलो करताना गव्हाचा आकडा कुणी १.६ धरतो, कुणी दोनच्या थोडा वर. हा फरक मतांचा आहे आणि तो राहील. पण बहुतेक घरं गव्हाचा, म्हणजे सर्वांत स्वस्त हिशेब धरून मोकळी होतात, हे खटकतं. ज्यांना तेवढंच परवडतं त्यांचा फित्रा पुरा आहे. पण ज्या घरात मेवा किलोने येतो, त्या घराने फित्र्याला किसमिसचा भाव लावून पाहावा. रक्कम कितीतरी पट होते. ती ईदच्या नमाजआधी, शक्यतो दोन-चार दिवस अगोदरच पोचवावी. घेणाऱ्याच्या घरीही दूध आणि खारीक आणायला कुणाला तरी बाजारात जावं लागतं.