पिठाचा कोंबडा आणि चॉकलेटचं रक्त



कॉलेजात जाणारी मुलं घरात असतील तर हा प्रश्न तुमच्याकडेही आलाच असेल. ज्या घरात मुंगीवर पाय पडला तरी तोंडातून 'मिच्छामि दुक्कडं' निघतं, त्या घरात चाकू घेऊन माणसं मारणाऱ्यांचे सिनेमे ठेवायचे का? माझं उत्तर बऱ्याच जणींना आवडणार नाही. ठेवायचे, पण निवडून. आणि निवडताना पडद्यावर रक्त किती सांडलं हे मोजत बसायचं नाही.

मुलं बघतातच. पावसाळ्यात देहूरोडहून लोकल पकडून मित्रमैत्रिणींबरोबर लोणावळ्याला गेली की तिथल्या बंगल्यात रात्री लॅपटॉपवर काय लागतं, ते आपल्याला विचारून लागत नाही. तिथे जे हाती येईल ते बघण्यापेक्षा घरात चार चांगले असावेत, आणि ते आपणही पाहिलेले असावेत, असं माझं मत आहे.

या प्रकाराला स्लॅशर म्हणतात. साचा ठरलेला आहे. एक मारेकरी, बहुतेकदा मुखवटा घातलेला, हातात बंदूक नाही तर सुरा किंवा तसलंच काही धारदार. तरुण मुलं-मुली एकेक करून मरतात आणि शेवटी एक मुलगी उरते. कॅरोल क्लोव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी या मुलीवर लिहिलं आणि तिला 'फायनल गर्ल' हे नावच पडलं. आपण तिला उरलेली मुलगी म्हणू.

"असलं काही आपल्या धर्मात नाही" असं म्हणणाऱ्यांनी पर्युषणात ऐकलेलं अंतगड सूत्र आठवावं. अर्जुनमाळी कोण होता? राजगृहीत सहा गुंडांनी त्याला बांधून त्याच्यासमोर त्याच्या बायकोवर, बंधुमतीवर, अत्याचार केला. त्याने चिडून यक्षाला हाक मारली, यक्ष अंगात शिरला, आणि मग हातात मुद्गर घेऊन रोज सहा पुरुष आणि एक स्त्री असा संहार चालला. पाच महिने तेरा दिवस. एकूण 1141 माणसं. श्रेणिक राजाने नगराबाहेर कोणी जाऊ नये अशी दवंडी पिटली. गावाच्या वेशीबाहेर मारेकरी उभा आणि आत दारं लावून बसलेली माणसं, हॉलीवूडने तरी यापेक्षा वेगळं काय केलं? आणि त्याच सूत्रात गजसुकुमाल मुनींच्या डोक्यावर सोमिल ओल्या मातीची पाळ करून धगधगते निखारे भरतो. आपण हे दरवर्षी ऐकतो, लहान मुलांना मांडीवर घेऊन ऐकतो. ऐकताना आपलं मन सोमिलाच्या हाताबरोबर नसतं, मुनींच्या समतेबरोबर असतं. मला वाटतं निवड करायची ती इथेच. गोष्ट बघणाऱ्याचं मन कोणाच्या बाजूला नेऊन बसवते?

मुलं म्हणतात, "मम्मी, ते सगळं खोटं असतं." हे उत्तर मात्र मी चालू देत नाही. यशोधर राजाची कथा त्यासाठीच आहे. राजाला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. जीव मारायला तो तयार नव्हता, म्हणून तडजोड झाली, पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. एकही जीव मेला नाही. तरी त्या एका घावासाठी मायलेकांना मोर, कुत्रा अशा तिर्यंच गतीतल्या जन्मांमागून जन्म घ्यावे लागले, कारण घाव घालताना मनात संकल्प मारण्याचा होता.

आता हिचकॉकचा 'सायको' घ्या, 1960 सालचा. न्हाणीघरातल्या त्या प्रसिद्ध प्रसंगात वाहतं ते रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, कारण कृष्णधवल फिल्मवर ते जास्त खरं दिसतं. सुरा खुपसल्याचा आवाज खरबुजावर सुरी चालवून काढलेला. (आपल्या मारवाडी घरांत भाजीसुद्धा 'कापत' नाहीत, 'सुधारतात'. त्या आवाजवाल्याला आपल्या सासवांनी चांगलं सुनावलं असतं.) मग हा पिठाचा कोंबडा झाला का? मला वाटतं, नाही. यशोधराच्या हातात तलवार होती आणि इच्छा त्याची होती. 'सायको' बघताना आपण मॅरियनबरोबर गाडीत असतो, तिने चोरलेल्या पैशांचं ओझं आपल्यालाही वाटत असतं, आणि ते परत करायचं तिने ठरवल्यावर ती मरते तेव्हा आपला जीव हळहळतो. त्या हळहळीला मी रौद्रध्यान म्हणणार नाही. संग्रहात पहिला हा ठेवा. शेवटी एक डॉक्टर सगळं समजावून सांगत बसतो तेवढा भाग कंटाळवाणा आहे.

मला सगळ्यात आवडतो तो 1978 चा 'हॅलोवीन'. जॉन कार्पेंटरने दिग्दर्शित केला आणि डेब्रा हिल या बाईबरोबर लिहिला, निर्मातीही तीच. अगदी थोड्या पैशांत, सुमारे तीन लाख डॉलरमध्ये झाला. मारेकऱ्याचा मुखवटासुद्धा दुकानात मिळणारा, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंग मारलेला. नाव भयंकर असलं तरी रक्त जवळजवळ दिसतच नाही. नायिका लॉरी शेजाऱ्यांची मुलं सांभाळायला बसलेली कॉलेजच्या आधीच्या वयाची मुलगी. तिचं काम केलंय जेमी ली कर्टिसने, 'सायको'तल्या मॅरियनची, म्हणजे जॅनेट लीची, खरी मुलगी. मायलेकींनी हा प्रकार असा घरातल्या घरात पुढे नेला.

लॉरीकडे हत्यार कुठलं असतं? विणकामाची सुई. कपाटातला तारेचा हँगर. जे आपल्या कपाटात असतं तेच. मुलांना आत लपवून ती स्वतः मध्ये उभी राहते. मायकल मारायला येतो ती संकल्पी हिंसा. लॉरी सुई खुपसते ती विरोधी हिंसा. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी हे चार प्रकार आपण पाठशाळेत घोकले, पण मुलींना ते इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं काही माझ्या बघण्यात नाही. श्रावकाने संकल्पी सोडायची असते. अंगावर चालून आलेल्याला थोपवणं गृहस्थाला सुटत नाही. देहूरोडला राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. छावणी आणि दारूगोळ्याचं कोठार शेजारी आहे, फौजेतली माणसं रोज दिसतात, आणि त्यांच्या कामाकडे आपण खाटकाच्या कामासारखं बघत नाही. तरी एक गंमत बघा. लॉरी सुरा हातातून टाकते, दोनदा टाकते. लोक तिला मूर्ख म्हणतात. मला तो त्या मुलीचा स्वभाव वाटतो. तिला तो हातात धरवतच नाही.

आता ज्या नावाला तुम्ही दचकाल ते. 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर', 1974, टोबी हूपर. आरा घेऊन माणसांमागे धावणाऱ्या कुटुंबाची गोष्ट. नावावरून वाटतं तसं यातही रक्त फार नाही, पण बघवत नाही हे खरं, आणि अठरा वर्षांखालच्या कोणालाही मी तो दाखवणार नाही. मग संग्रहात का? कारण तो मुळात मांसाबद्दल आहे. ते कुटुंब कत्तलखान्यात काम करणारं. गुरं मारायची नवी यंत्रं आली, घणाने मारणाऱ्यांचं काम गेलं, आणि सुरुवातीलाच त्यातला एक जण गाडीतल्या तरुणांना जुनी पद्धत कशी चांगली होती ते हौसेने सांगतो. ऐकणाऱ्यांना मळमळतं. आणि पुढे त्याच तरुणांना गुरांसारखं आकड्याला टांगलं जातं, शीतपेटीत कोंबलं जातं. हूपरने मुलाखतीत सांगितलं होतं की या चित्रपटाचं मर्म मांस हेच आहे, आणि तो करताना त्याने मांस खाणं सोडलं होतं. गिलेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकानेही तो पाहून काही वर्षं मांसाहार सोडला होता. जीवदयेची आपली पत्रकं वाचून किती जणांनी सोडलं कोण जाणे. हॉस्टेलवर राहून मित्रांच्या ताटाकडे बघायची सवय लागलेला मुलगा असेल, तर त्याला हा बघू द्या. सोबत बसा मात्र.

'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (1984) बद्दल थोडक्यात. फ्रेडी स्वप्नात येऊन मारतो. तो कुठून आला? गावातल्या आईबापांनी पूर्वी एकत्र येऊन त्याला जिवंत जाळलं होतं आणि मुलांपासून ते लपवलं होतं. शेवटी नॅन्सी त्याच्याकडे पाठ करते आणि तुला दिलेली सगळी ताकद परत घेते, असं सांगते. भीती घालून घालून आपणच मोठं केलेलं भूत असं उतरतं. रक्त यात भरपूर आहे, एका प्रसंगात तर अक्षरशः कारंजं. तरी ठेवेन.

'फ्रायडे द थर्टीन्थ'चे भाग ठेवणार नाही. पहिल्यात (1980) मारेकरी कोण हे कळतं तेव्हा एका आईचं दुःख तरी समोर येतं. पुढच्या भागांत जेसनच नायक झाला. मरणाऱ्यांची नावंही लक्षात राहत नाहीत. आता कसा मारेल, कशाने मारेल, एवढीच उत्सुकता उरते आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. हा खरा पिठाचा कोंबडा. आपलं व्रत दोन करण तीन योगाने असतं, अनुमोदनेचं दार श्रावकाला उघडं राहतं हे मला ठाऊक आहे. पण आठव्या व्रतात अनर्थदंड आहे, त्यात अपध्यान पहिलं, आणि दिगंबर परंपरेत तर दुःश्रुती, म्हणजे मन मलिन करणाऱ्या गोष्टी ऐकणं, वेगळी मोजलेली आहे. काही गरज नसताना दुसऱ्याच्या मरणाची मजा घ्यायची, याला याहून नेमकं नाव सापडणार नाही.

रामसे बंधूंचेही नकोत. महाबळेश्वरला सगळं कुटुंब नेऊन त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' (1972) केला, त्या जिद्दीचं कौतुक आहे. पण त्यांच्या सिनेमांतल्या बायका आंघोळ करतात, किंचाळतात आणि मरतात. उरलेली मुलगी तिथे नाहीच.

आपल्या मराठीत स्लॅशर नाही असं समजू नका. 'झपाटलेला' (1993) दुसरं काय आहे? बाहुल्यात शिरलेल्या गुन्हेगाराची कल्पना 'चाइल्ड्स प्ले'वरून (1988) घेतली, पण महेश कोठारेंनी तिला असं मराठी केलं की तात्या विंचू आपल्याच गावचा वाटतो. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, बाहुला रामदास पाध्ये यांचा. लक्ष्मीकांत बेर्डे यात बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा लक्ष्या. भीतीने घाम फुटलेला आणि तरी आपल्याला हसवणारा असा तो एकटाच. लहान मुलांना सुरुवात यानेच करून द्या. फक्त अगदी पाच-सहा वर्षांच्यांना नको, घरातल्या बाहुल्या रात्री बाहेर ठेवायला लागतात.

आणि 'लपाछपी' (2017), विशाल फुरियाचा. चाकूवाला मारेकरी यात नाही, त्यामुळे काटेकोर बघितलं तर हा स्लॅशर नव्हे. पूजा सावंत ही गरोदर नेहा, नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एका घरात येऊन राहते. तिथे तुळसाबाई आहे, उषा नाईक. बाई गोड बोलते, खाऊपिऊ घालते. हळूहळू कळतं की त्या घरात मुलींचं काय झालं. पुढे याचाच हिंदीत 'छोरी' (2021) झाला, पण मूळ मराठीच बघा. आपल्या समाजात मुलांना स्थळं मिळेनाशी झाली म्हणून मेळाव्यांतून हळहळतो ना आपण? त्या मुली कुठे गेल्या, हे घरात कोणी विचारत नाही. किडे पडू नयेत म्हणून धान्य निवडतो, पाणी गाळून पितो, आणि पंचेंद्रिय जीव पोटातच... हे मी स्थानकात बोलले असते तर दोन-चार जणी उठून गेल्या असत्या. 'लपाछपी' दोन तासांत बोलून जातो. सासू-सुनेने एकत्र बसून बघावा असा मला हा एकच वाटतो.

बघायचे कसे, तर शक्यतो दिवसा, आणि प्रतिक्रमणाच्या आधी नाहीच. मुलांबरोबर बसलं की मी मध्येच थांबवून एकच प्रश्न विचारते, "आत्ता तू कोणाच्या बाजूला आहेस?" चिडतात, पण उत्तर देतात.

अर्जुनमाळीच्या गोष्टीत आणि या सगळ्या सिनेमांत एक मोठा फरक मात्र राहतोच. सुदर्शन श्रावक वेशीबाहेर ध्यान लावून उभा राहिला, यक्ष निघून गेला, आणि ज्याने 1141 माणसं मारली त्यानेच भगवंतांकडे दीक्षा घेतली. मग ज्यांचे आईबाप, भाऊ, मुलं त्याने मारली होती, त्यांच्याच दारी तो गोचरीला गेला. शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, समतेने सोसला आणि मोक्षाला गेला. हॉलीवूडला मारेकऱ्याचं पुढे काय करायचं ते सुचत नाही, म्हणून ते दुसरा भाग काढतात.

पर्युषणाच्या आठ दिवसांत आमच्याकडे यातलं काही लागत नाही. टीव्हीवर कापड टाकलेलं असतं. सकाळी स्थानकात अंतगड चालू असतं, मुलांना घेऊन तिकडे या.