आधी वरचा, मग खालचा

महाबळेश्वरचा वीकेंड म्हणजे वेण्णा लेक, मक्याची कणसं आणि स्ट्रॉबेरी क्रीम, असं आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाटतं. माझा मेमधला अख्खा वीकेंड मामांच्या जीपखाली उताणा पडून गेला. तोही एका प्लगपायी!

मामांची जीप एमएम ५४०. १९८५ साली आलेलं, विलीजच्या वंशातलं मॉडेल. (२०१० च्या थारला ‘ओल्ड स्कूल’ म्हणणाऱ्यांनी एकदा हिच्यात बसावं.) मी हौसेने म्हटलं, ‘मामा, मागच्या डिफरन्शियलचं ऑइल मी बदलतो, मेकॅनिक कशाला?’ व्हिडिओ बघून गेलो होतो ना! सोमवारी त्यांना याच गाडीतून शाकारणीचं गवत आणायचं होतं. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जूनच्या आत भिंती गवताने झाकाव्याच लागतात.

शनिवारी दुपारी खालचा ड्रेन प्लग मस्त सुटला. ऑइल बदाबदा आलं, रंग थेट कटिंग चहाचा. म्हणजे आत पाणी! गरम डिफरन्शियल ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. इथवर मी खुशीत. मग वरच्या फिलर प्लगला हात घातला. ढिम्म हलेना.

‘आरं, आधी वरचा सोडायचा, मग खालचा,’ मामा म्हणाले. ‘आता आत त्याल न्हाई आन् भरायची वाट बंद.’

बरोबरच होतं. वरचा सुटला नसता तर निदान जुन्या तेलावर गाडी गॅरेजपर्यंत गेली असती. आता ती जागची हलणार नव्हती. मामा ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

या प्लगचे आटे निमुळते असतात, आवळाल तितका रुतत जातो. त्यात आधी कुणीतरी जोर लावून आवळलेला, वर कित्येक पावसाळ्यांचा गंज. चौकोनी खाचेत माती बसलेली, त्यामुळे माझं रॅचेट अर्धंच आत जात होतं आणि कडा झिजायला लागल्या होत्या. मामांनी खिळ्याने माती उकरली, डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं प्लगवर घट्ट बांधलं आणि मला जेवायला बसवलं. जेवण मला गेलं नाही.

रविवारी सकाळी हातोडीचे ठोके. जोरात नाही, टकटक, पण चांगला अर्धा तास. गंजाची पकड सुटावी म्हणून. मग सोडायच्या नव्हे, आधी आवळायच्या दिशेने एक छोटा हिसका. दांड्याला चार फुटी नळाचा पाईप लावण्याआधी त्यांनी जॅक काढून चारही चाकं जमिनीवर टेकवली, मागेपुढे दगड लावले. ‘जॅकवरच्या गाडीला पाईप लावून वढशील तर गाडी तुझ्या छाताडावर.’ दोघांनी जोर लावला. टक्! मला वाटलं, प्लग तुटला. पण तो फिरला होता.

आटे ब्रशने साफ, ब्रीदर मोकळा, नवा प्लग. नव्वद नंबरचं ऑइल भोकाच्या कडेवरून ठिबकेपर्यंत भरलं.

सोमवारी मी हिंजवडीत मीटिंगमध्ये असताना मामांचा फोन. गवत आलं होतं. ‘आन् ऐक,’ ते म्हणाले, ‘फुडच्या डिफरन्शियलच्या प्लगाला आत्तापासनंच डिझेलचं फडकं बांधून ठिवलंय. कवा येतोस?’