दाराच्या आतला खर्च

अल्टोचं दार लावलं की रिकामा पत्र्याचा डबा आपटल्यासारखा आवाज येतो. शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या भारदस्त सेडानचं दार मात्र नुसतं ‘धप्प’ करतं. शोरूममध्ये गेलेला माणूस आधी दार उघडून लावून बघतो, तो याच धप्पसाठी. गंमत अशी की या दोन आवाजांतलं बरंचसं अंतर काही हजार रुपयांत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून कापता येतं. त्यासाठी इंजिनाला हात लावावा लागत नाही, आरटीओची पायरीही चढावी लागत नाही.

गाडी सजवायची म्हटलं की आपली नजर आधी बाहेर जाते. माझा भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची यादी तयारच होती: टप काळा, मागे स्पॉयलर, अलॉय आणि निळसर एलईडी. हौसेला माझी ना नाही. कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात, त्या महाराष्ट्रात आपण राहतो. पण बजेट तोकडं असेल तर माझं मत ठाम आहे. रोज आपला हात, कान आणि डोळा जिथे पोचतो तिथे पैसे घालावेत. सिग्नलला शेजारी थांबलेल्या अनोळखी माणसासाठी शंभराची नोटही मोडू नये. भाच्याला हे पटलेलं नाही. पण गाडी माझी आहे.

गाडी २०१३ची, अल्टो ८००. एलएक्स, म्हणजे चारही काचा हाताने फिरवायच्या. वजन सातशे किलोच्या आसपास, इंजिन ७९६ सीसीचं. १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हापासून याच मापाच्या इंजिनावर अर्धा देश गाडी शिकला. पत्रा पातळ आहे हे खरं, पण तो पातळ आहे म्हणूनच गाडी परवडते आणि पेट्रोल कमी पिते.

दार म्हणजे दोन पत्रे आणि मधे पोकळी. बाहेरचा पत्रा मोठा आणि मधे फारसा आधार नसलेला, त्यामुळे दार लागलं की तो थरथरत राहतो. ही थरथर मारायला ब्युटाइल रबराचं शीट मिळतं. त्याची एक बाजू चिकट असते, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ थर. पत्रा हलला की मधलं रबर ताणलं जातं आणि थरथरीची ताकद उष्णता होऊन जिरते. अख्खा पत्रा मढवायची गरज नसते. पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी आवाज बदलतो. नाना पेठेतला दुकानदार अर्थातच म्हणाला, ‘‘ताई, फुल करून टाका, परत परत कोण उघडणार?’’ मी दोन मिलिमीटरचं शीट मोजकंच घेतलं आणि डोअर पॅडच्या क्लिपांचं पाकीट मात्र जास्तीचं मागून घेतलं. दहा-बारा वर्षांच्या उन्हाने या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात. पॅड निघताना त्यातल्या काही तुटणारच. हार्डवेअरवाले याच कामाला गच्चीची गळती थांबवायची टेप देतात. ती बऱ्याचदा डांबराची असते. मे महिन्यात पुण्याच्या उन्हात दाराचा पत्रा तव्यासारखा तापतो, डांबर त्यात मऊ पडतं आणि गाडीभर वास सुटतो. ती स्वस्ताई घेऊ नये.

दार उघडण्यातला सगळ्यात सुंदर भाग म्हणजे काचेचं हँडल काढणं. बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. हँडलच्या बुडाशी, प्लॅस्टिकच्या चकतीमागे, तारेची एक वळवलेली क्लिप असते. ती काढायला पाना नको, पकड नको. जुनं सुती फडकं पुरतं. फडकं हँडल आणि चकतीच्या फटीत सरकवायचं, दोन्ही टोकं धरायची आणि डावीकडे-उजवीकडे ओढत राहायचं. कापडाचे धागे क्लिपच्या टोकात अडकतात आणि ती टिणकन उडते. कुठे उडेल ते सांगता येत नाही, म्हणून खाली आधी चादर अंथरायची. हे चाललं असताना तळमजल्यावरचे काका पेपर काखेत घेऊन आले, म्हणाले, ‘‘अगं, गॅरेजला टाक की! दारं कसली सोलतेस?’’ क्लिप उडाल्यावर मात्र त्यांनी चष्मा सावरला आणि दुसऱ्या दाराच्या हँडलला मला हात लावू दिला नाही.

हात धरायच्या पट्टीचे आणि आतल्या कडीचे स्क्रू काढले की पॅड खालच्या कडेकडून सोडवायचं. त्याच्या मागे काळ्या डिंकाने चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद लागतो. पुष्कळ जण तो पॅकिंगचा समजून टराटरा फाडतात. तो पावसासाठी असतो. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं, अशीच रचना असते. कागद फाटला तर तेच पाणी पॅडमधून आत येतं आणि श्रावणापर्यंत कार्पेटला कुबट वास धरतो. म्हणून कागद सावकाश सोलायचा, काम झालं की तसाच परत बसवायचा आणि तळाच्या भोकांवर शीट चुकूनही येऊ द्यायचं नाही. आतल्या पत्र्याच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, तेव्हा हातमोजे हवेत. थिनरने धूळ-तेल पुसून शीट चिकटवायचं आणि रोलरने इतकं दाबायचं की खाली हवा राहता कामा नये. भाच्याने हे काम मन लावून केलं. हौस बाहेरची असली तरी हात चांगला आहे.

आता दार ‘धप्प’च्या बरंच जवळ गेलं आहे. स्पीकर तेच जुने, पण त्यांचा खर्ज आता दारासोबत खडखडत नाही. मात्र टायरचा घोंघाट होता तेवढाच आहे. तो जमिनीतून आणि चाकाच्या कमानीतून येतो, त्याला वेगळं आणि जड अस्तर लागतं. दारात शीट लावून हायवेची शांतता मिळेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

कानानंतर डोळा. जुन्या गाडीचे दिवे पिवळे पडतात, कारण त्यांची पुढची काच मुळात काच नसतेच. पॉलिकार्बोनेट असतं आणि उन्हाने त्याचा वरचा थर मरतो. रंगाऱ्याकडचा ८०० नंबरचा वॉटर पेपर, मग १५००, मग २०००, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. भोवतीच्या रंगाला आधी मास्किंग टेप. पहिल्या पेपरनंतर दिवा दुधाळ होतो आणि पोटात गोळा येतो, पण पुढचे पेपर तो निवळत नेतात. वर यूव्हीरोधक क्लिअर कोट दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. टूथपेस्टचा उपाय तेवढ्यापुरताच.

त्या दिव्यांत एलईडी बल्ब टाकायला मी ठाम नकार दिला. एच४ बल्बमध्ये दोन तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती रिफ्लेक्टरचा खालचा भाग झाकते, म्हणून डिपरचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्यावर पडतो. रिफ्लेक्टरची सगळी आखणी त्या तारांच्या जागेवर बेतलेली असते. एलईडीच्या चिपा नेमक्या त्या जागी बसल्या नाहीत की उजेड भलतीकडे फाकतो, आणि समोरून येणारा दुचाकीवाला आंधळा होतो. त्यापेक्षा रिले बसवावा. दोन्ही दिव्यांचा मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह बारीक वायरींतून आणि स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज गळतं. मी मीटर लावून पाहिलं: इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास, बल्बच्या पिनेवर जेमतेम साडेबारा. हॅलोजनचं गणित असं की व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड जवळपास ३० टक्के पडतो. रिले बसला की स्विच फक्त इशारा देतो, दिव्याला वीज थेट बॅटरीवरून जाड वायरने मिळते. बॅटरीपाशी फ्यूज हवाच. तो नसलेला रिले माझ्या गाडीत बसणार नाही. बल्ब तेच ६०/५५ वॅटचे, आणि कात्रजच्या घाटात समोरचा कोणी अप्पर मारून शिव्या देत नाही.

अलॉयचं थोडक्यात. अल्टोचा मूळ टायर १४५/८० आर१२. त्याऐवजी १५५/६५ आर१३ बसवला तर चाकाचा व्यास ५३७ मिलिमीटरवरून ५३२ होतो, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये टक्काभरच फरक. अल्टोच्याच के-टेनला कंपनीने हेच माप दिलं होतं. हिशेब बसतो, बजेट बसत नाही. शिवाय स्टीलची रिम खड्ड्यात वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला की नवीन घ्यावं लागतं. मग रिम घासल्या, प्रायमर मारला आणि मॅट काळा स्प्रे दिला. नट जिथे टेकतात तिथे रंग लागू दिला नाही, कारण रंगाचा थर दबला की नट सैल पडतात.

बाहेरच्या हौसेला कायद्याचंही कुंपण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. काचांवरच्या फिल्मवर २०१२ मध्येच बंदी आली. बुलबारवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना २०१७च्या अखेरीस कळवलं. ४१४१ लिहून ‘दादा’ वाचायला लावणाऱ्या पाट्या उच्चसुरक्षा नंबरप्लेटने उतरवल्या. त्यांची मला थोडी आठवण येते, खोटं कशाला बोलू. काळ्या टपाचा विषय भाच्याने अजून सोडलेला नाही. ‘‘मावशी, रॅप लावू, रंग थोडीच बदलतोय?’’ आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि तो बदलायचा तर नोंद करावी लागते, हे मी सांगितलं. उन्हात उभ्या गाडीचा काळा टप किती तापतो, हे एप्रिलमध्ये हात लावून बघ म्हटलं.

सीटचं काम तेवढं बाहेर दिलं आहे. फोम बसका झालाय आणि माझ्या शिलाई मशीनला ते झेपणार नाही. रेक्झिन नको, उन्हाळ्यात पाठीला चिकटतं. साधं जाड कापड, करडं, नक्षी नको, इतकं स्पष्ट सांगून आले. कारागिराने मान डोलावली, माप घेतलं, ॲडव्हान्स घेतला. तेव्हापासून रोज मोबाइलवर डायमंड शिलाईचे फोटो येताहेत. कालच्यात लाल दोरा होता.