फोटोत नसलेल्या ओळखी

मोठा गायक किंवा गायिका गेली, की आपल्याकडे दोन गोष्टी लगेच सुरू होतात. टीव्हीवर त्यांची गाणी लागतात आणि घराघरांतून जुन्या ओळखी बाहेर निघतात. ‘आमच्या आत्याच्या शेजारी राहायचे हो ते!’ ‘आमच्या मामांनी त्यांना स्टेशनवर पाणी दिलं होतं.’ डिसेंबर २०२२ मध्ये सुलोचनाबाई चव्हाण गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये प्रभाताई अत्रे गेल्या, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले. प्रत्येक वेळी हेच झालं. पण ६ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी लतादीदी गेल्या, तेव्हा ओळखींचा जो पूर आला, तसा पूर मी तरी दुसरा पाहिला नाही.

अशा गोष्टींची घरात थट्टा होते. विशेषतः बाई सांगायला लागली की हमखास होते. ‘झालं, आता हिची लता मंगेशकरांशी ओळख निघाली!’ असं म्हणून चहाचा कप पुढे केला जातो आणि विषय संपतो. मोठ्या माणसाशी धागा जोडून आपण मोठं व्हायची ही हौस, असं शिकलेली मंडळीही म्हणतात. थोडी हौस असेलही. कोणाला नसते? पण तेवढंच आहे असं मला वाटत नाही.

मुळात या ओळखी वाटतात तितक्या अशक्य नाहीत. लतादीदींचं आयुष्यच बघा ना. जन्म २८ सप्टेंबर १९२९ ला इंदूरला. वडील मास्टर दीनानाथ गोव्यातल्या मंगेशीचे. आईचं माहेर थाळनेर, म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं. बालपण सांगलीत गेलं. दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी, म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरणं आलंच. पुढे दीनानाथांचं निधन पुण्यात, एप्रिल १९४२ मध्ये. त्यानंतर मास्टर विनायकांच्या कंपनीत कोल्हापूर, आणि १९४५ मध्ये मुंबई. खानदेश, दक्षिण महाराष्ट्र, गोवा, माळवा, मुंबई अशा सगळ्या ठिकाणी या घराची पावलं उमटली. तेव्हा कोणाच्या आजोळच्या गल्लीत त्यांचं आजोळ होतं, कोणाच्या वाड्यात कंपनीचा मुक्काम होता, यात नवल ते काय?

आणि जिथे पाऊल पोहोचलं नाही तिथे रेडिओ पोहोचला. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, १९५७ मध्ये विविध भारती आली. सिनेमाला जायला घरातून परवानगी लागायची, सोबत लागायची, तिकिटाचे पैसे लागायचे. रेडिओला यातलं काही लागत नव्हतं. भाकरी थापता थापता ऐकता यायचं. बाईने कामाचे हात न थांबवता जी करमणूक केली, ती ही. त्यामुळे लतादीदी आपल्या घरातल्याच वाटल्या तर त्याचं आश्चर्य नको.

आता मुद्द्यावर येते. त्या वर्षी ७ फेब्रुवारीला रथसप्तमी होती. आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू ठरलेलं. पण राज्य सरकारने त्या दिवशी सुट्टी जाहीर केली होती, देशभर दोन दिवसांचा दुखवटा होता, आणि वाणं लुटायला कोणाचंच मन होईना. मग हळदीकुंकू रद्द करून आम्ही नुसत्याच जमलो. श्रद्धांजलीचं भाषण वगैरे कोणी केलं नाही. एकीने सुरुवात केली आणि मग प्रत्येकीची ओळख निघू लागली. त्यातल्या तीन सांगते. नावं सांगत नाही.

पहिल्या बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. डायल फिरवून परगावी फोन लागत नसे, ट्रंक कॉल बुक करावा लागे, त्या काळात त्या एक्स्चेंजमध्ये होत्या. एका रात्री मुंबईचा कॉल जोडताना पलीकडून लतादीदींचा आवाज आला. ‘हॅलो, कोण बोलतंय?’ एवढंच. यांनी ‘बोला’ म्हणून लाइन जोडून दिली. झाली गोष्ट! पण ही गोष्ट सांगायला बाईंना पंधरा मिनिटं लागली. कारण त्यात रात्रपाळी होती. आमच्या घराण्यात रात्री घराबाहेर काम करणारी मी पहिली, हे होतं. सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला, हे होतं. कंदील घेऊन सोडायला येणारा धाकटा दीर होता. आणि पहिल्या पगारात घेतलेलं स्वतःचं घड्याळही होतं.

दुसऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या सासूबाई नव्या नवरीच्या वयात असताना दीनानाथांच्या कंपनीचा मुक्काम त्यांच्या वाड्यात पडला होता. वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या सासूबाईंनी थापल्या. नाटक मात्र पाहायला मिळालं नाही, सुनांनी नाटकाला जायची रीत नव्हती. तालमीतली पदं त्यांनी चुलीपुढे बसून, भिंतीपलीकडून ऐकली. ऐकून ऐकून पाठ झाली. पुढे आयुष्यभर त्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणायच्या आणि मध्येच एखादं नाट्यपद लागायचं. ‘आमच्या घरात गाणं आलं ते असं,’ आजी म्हणाल्या.

तिसऱ्या बाई सत्तरीच्या. त्यांची ओळख तर आणखीच लांबची. लग्नाआधी, साधारण १९७० च्या सुमाराला, त्यांनी आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड टाकलं होतं, वडिलांच्या चोरून. एके दिवशी लतादीदींच्या गाण्याआधी निवेदिकेने त्यांचं नाव वाचलं. गावात कोणी विश्वास ठेवला, कोणी नाही. पुढच्याच वर्षी लग्न झालं, तांदळात नवऱ्याने नवं नाव लिहिलं आणि जुनं नाव सरलं. बाई म्हणाल्या, ‘त्या दिवशी रेडिओवर घेतलं ते माझं खरं नाव. त्यानंतर चारचौघांत ते कोणी घेतलंच नाही.’

मैत्रिणींनो, आता सांगा, या तीन गोष्टींत लतादीदी किती आहेत? अगदी थोड्या. एका गोष्टीत फोनवरचे तीन शब्द, दुसरीत त्यांचा जन्म व्हायच्या आसपासचं वडिलांचं बिऱ्हाड, तिसरीत रेडिओवरचं गाणं. बाकी सगळी ती सांगणारी बाई आहे. तिची पहिली नोकरी, तिचं स्वयंपाकघर, तिचं हरवलेलं नाव.

मला या ओळखींचं मोल वाटतं ते इथे. आपल्याकडे पुरुषाला स्वतःबद्दल बोलायला निमित्त लागत नाही. पारावर, दुकानात, लग्नाच्या पंगतीत तो ‘आम्ही तेव्हा...’ म्हणून सुरू करतो आणि मंडळी ऐकतात. बाईने ‘मी तेव्हा...’ म्हटलं की ती मिरवते. म्हणून ती निमित्त शोधते. लता मंगेशकर हे असं निमित्त आहे की ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. त्या थोर नावाच्या पदराआडून ती आपलं चार ओळींचं आत्मचरित्र सांगून घेते. त्यावर आपण हसतो, तेव्हा खरं तर तिच्या आयुष्यावर हसतो.

दुसरी गोष्ट पुराव्याची. हल्ली कोणी ‘आमची ओळख होती’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, ‘फोटो आहे का?’ मोबाइल आल्यापासून ओळख म्हणजे सेल्फी, असंच झालंय. सेल्फी नाही तर ओळखही नाही! पण जुन्या काळी फोटो कोणाचा निघायचा? गावात कलावंत आला की खुर्च्या मांडल्या जायच्या. मध्ये पाहुणे, बाजूला घरमालक, पाटील, शाळेचे मुख्याध्यापक, मागे उभी तरणी पोरं. ज्या बाईने पहाटे उठून पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवलं, पोहे केले, ती त्या फोटोत नसते. ती दाराआड असते. म्हणजे ज्यांचा सहवास खरा, त्यांच्याकडे पुरावा नाही, आणि ज्यांनी नुसता हार घातला त्यांच्या भिंतीवर चौकट! फोटोवरून ओळख ठरवायची म्हटली तर आपल्या आज्या-पणज्या इतिहासातून सरळ वजाच होतात.

या सगळ्यात मला लतादीदींचीच एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती नावाची आहे. त्यांचं पाळण्यातलं नाव हेमा. ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून पुढे लता झालं. १९४९ मध्ये ‘महल’ चित्रपट आला, त्यातलं त्यांचं गाणं देशभर गाजलं. पण तबकडीवर गायिकेचं नाव काय होतं? ‘कामिनी’! म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. गायलं एकीने, नाव भलतीचंच, आणि तीही खरी नव्हे. श्रोत्यांनी आकाशवाणीला पत्रं पाठवून ही गाणारी कोण ते विचारलं, तेव्हा खरं नाव सांगितलं गेलं. विचार करा, त्या पत्रं पाठवणाऱ्या साध्या श्रोत्यांनी एका गाणाऱ्या मुलीला तिचं नाव मिळवून दिलं. चाहत्यांची कलावंताशी याहून खरी ओळख कोणती असेल?

पुढे दीदींनी हे नाव सुटू दिलं नाही. फिल्मफेअर पुरस्कारात तेव्हा संगीतकाराला बक्षीस होतं, गाणाऱ्याला नव्हतं. ज्या गाण्यासाठी बक्षीस मिळतंय ते समारंभात गायला त्यांनी नकार दिला. गायक-गायिकांसाठी १९५९ पासून पुरस्कार सुरू झाला आणि ‘मधुमती’साठी पहिला त्यांनाच मिळाला. गाण्याच्या रॉयल्टीत गाणाऱ्याचा वाटा असावा म्हणून त्या अडून बसल्या. लोकांनी तेव्हा त्यांना हट्टी म्हटलं. आपल्या कामावर आपलं नाव हवं आणि त्याचा मोबदला हवा असं बाई म्हणाली, की तिला काय म्हणतात ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आपण मात्र त्यांना ‘साक्षात सरस्वती’ म्हणून मोकळे होतो. देवी केलं की तिचे कष्ट दिसेनासे होतात. वडील गेले तेव्हा त्या पुरत्या तेरा वर्षांच्याही नव्हत्या, मागे चार धाकटी भावंडं. ‘पहिली मंगळागौर’मध्ये त्या दिसल्या ते त्याच १९४२ साली, घर चालवायचं म्हणून. टेलिफोनवर ‘कोण बोलतंय’ विचारणारी, कुणाच्या तरी आजोळच्या गल्लीत खेळलेली लता या छोट्या गोष्टींतच शिल्लक राहते. देवळातल्या मूर्तीशी कोणाची ओळख असते?

एक सावधगिरी मात्र हवी. त्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर ‘दीदींचे अखेरचे शब्द’ म्हणून लांबलचक मजकूर किती वेळा आला याची मोजदाद नाही. कोणी ऐकले ते शब्द, कुठे, केव्हा? काही पत्ता नाही. तरी डोळे पुसत पुढे पाठवणं चालूच. जवळच्या बाईची खरी आठवण थट्टेवारी नेायची आणि परक्याने रचलेली खोटी आठवण डोळे मिटून पुढे ढकलायची, ही आपली तऱ्हा झाली आहे. खरी आठवण ओळखायला फार अक्कल लागत नाही. खऱ्या आठवणीत गाव असतं, साल नसलं तरी ‘थोरला पोटात होता तेव्हा’ असा हिशेब असतो, आणि तिच्यात मोठा माणूस उपदेश करत नाही, पाणी मागतो किंवा पत्ता विचारतो. सांगताना थोडं तिखटमीठ लागतं, ते चालायचंच. आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलतो आहोत, कोर्टात नाही.

मग करायचं काय? अगदी सोपं आहे. हेमाताई राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलं. एरवी ‘लोकगीत’ म्हणून बिननावाचं राहिलं असतं ते नावानिशी टिकलं. आपल्याला लाखांची गरज नाही. आपल्या घरातली एक गोष्ट टिकवली तरी पुष्कळ झालं.

आमच्या मंडळाने त्या दिवसानंतर एक दोनशेपानी वही घातली आहे. ज्या बाईला लिहिता येत नाही तिचं बोलणं नातीने मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि वहीत उतरवायचं, असं ठरलं. विचारायचे प्रश्नही ठरले: कुठे घडलं? तुमचं वय काय होतं? घरी आणखी कोण होतं? तुम्ही तेव्हा काय काम करत होता? शेवटचा प्रश्न विसरायचा नाही, कारण खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. गोष्ट लताबाईंची असो, भजनी मंडळातल्या पेटीवाल्या मास्तरांची असो, नाहीतर तमाशाच्या फडावर गाणाऱ्या कोणा बाईची असो.

तेव्हा पुढच्या वेळी घरातली एखादी ‘आमची ओळख होती बरं का’ म्हणाली, तर गॅस बारीक करून तिच्याजवळ बसा आणि ‘मग?’ असं विचारा. आणि लिहून घ्याल तेव्हा वर तिचं पूर्ण नाव घाला, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.