पुढचा शॉकअप गळतोय? गाडी घाटात घालू नका!

चिपळूण आणि आसपासच्या गावांतील दुचाकीस्वारांनो, दूधवाल्यांनो, पार्सल पोचवणाऱ्या पोरांनो,

परवा कुंभार्ली घाट उतरताना दुधाचे कॅन बांधलेली गाडी कठड्यावर गेली. माणूस हातावर निभावला. गाडी आम्हा गॅरेजवाल्यांकडे आली तेव्हा पुढच्या पाईपवरून तेलाचा काळा ओघळ थेट डिस्क ब्रेकच्या कॅलिपरपर्यंत उतरलेला, पॅडला बोट लावलं की बोट तेलकट, मग ब्रेक धरणार कसा? शॉकअपला फडकं गुंडाळून वर सुतळी बांधलेली! कधीपासून गळतंय विचारलं, तर म्हणे गणपतीपासून.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. बहुतेक मृत्यू अतिवेगाच्या नावावर चढतात. पॅड तेलकट होते का, हे पंचनाम्यात बघतो कोण?

मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून वर्षानुवर्षं रखडलं, खड्ड्यांनी शॉकअपची वाट लागते, मान्य. त्यावर आम्हीही ओरडतो. पण पाईपवरचा चिखल आठ-आठ दिवस वाळू द्यायचा, डस्ट सील फाटलं तरी चालवायचं, हे खड्ड्यांनी सांगितलं होतं का?

वर सबबी तयार. "मागचा ब्रेक आहे ना!" उतारावर गाडीचा भार पुढे येतो, मागचं चाक नुसतं घसरतं. "आमची ड्रमची गाडी." तेल कमी झालं की चाक रस्ता सोडून उड्या मारतं, ड्रम असो की डिस्क. "पगार झाल्यावर बघू." साध्या गाडीची सीलची जोडी एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडते. यापुढे वाद नको.

आता करायचं काय? डस्ट सील वर सरकवून जुन्या एक्सरे फिल्मची पातळ पट्टी त्याखालच्या ऑईल सीलच्या कडेने फिरवा. नुसती माती अडकली असेल तर गळती थांबेलही. नाही थांबली तर गाडी गॅरेजला. सील दोन्ही बाजूंचं बदला, एकाच बाजूचं नाही. पाईपला गंज किंवा ओरखडा असेल तर आधी तो बघा, नाहीतर नवं सीलही महिन्यात फाटेल. फोर्क ऑईल कंपनीच्या मापानेच, दोन्हीकडे सारखं. घरी खोलणार असाल तर वरचं झाकण जपून, खाली स्प्रिंग दाबलेली असते. सील घालताना पाईपच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि तेलाचा हात. चाक काढलेलं असताना ब्रेक दाबू नका. जुनं तेल गटारात तर मुळीच नको, वाशिष्ठी आपलीच आहे.

आमच्यातल्याही काहींना हे ऐकवायचंय. स्क्रूड्रायव्हरने सील ठोकणारे आणि शॉकअपमध्ये जळकं इंजिन ऑईल ओतणारे आमच्या संघटनेत नकोत. जुलै २०२१ च्या पुरात शहर बुडालं तेव्हा चिखलातून गाड्या उपसून ज्यांनी चालू करून दिल्या, ते आम्हीच. त्या नावाला बट्टा लावून घेणार नाही.

या महिन्यातले सगळे रविवार, सकाळी नऊ ते बारा, आमच्यापैकी कुठल्याही गॅरेजात पुढचा शॉकअप फुकट तपासून मिळेल. सील आणि तेलाचे पैसे द्यावे लागतील. तेल प्यालेले पॅड धुऊन, घासून परत बसवून मागू नका; बसवणार नाही.