'समजा'भोवती एक चौकट

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, √२ अपरिमेय असल्याची सिद्धता मुलांच्या वहीत एकदा नीट बघा. 'समजा, √२ परिमेय आहे' इथपासून 'म्हणून √२ अपरिमेय आहे' इथपर्यंत सगळ्या ओळी एका रांगेत, एकाच मापाच्या. मग एखादं मूल विचारतं, "सर, आधी परिमेय म्हणालात, आता अपरिमेय. खरं काय?" प्रश्न रास्त आहे. कागदावर तो फरक दिसतच नाही.

माझं म्हणणं असं की 'समजा'पासून विसंगतीपर्यंतच्या ओळींना चौकट घाला. अंश-छेद सहमूळ, अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अंश सम, म्हणून छेदही सम, म्हणजे दोघांत २ सामाईक. हे सगळं आत. विसंगती आली की चौकट बंद. बाहेर एकच ओळ: √२ अपरिमेय आहे. आधी सिद्ध झालेलं आत खुशाल न्या, पण आतली ओळ बाहेर आणायची नाही.

विसंगतीशिवायही चौकट लागते. समजा, न ला ६ ने भाग जातो. म्हणजे न = ६क = ३ × २क, म्हणून न ला ३ ने भाग जातो. चौकट बंद. बाहेर काय लिहायचं? 'न ला ३ ने भाग जातो' नव्हे, तर '६ ने जात असेल तर ३ नेही जातो'. मुलं हमखास इथेच घसरतात, कारण 'जर' आतच राहून जातो.

ही युक्ती माझी नाही हं. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यास्कोव्स्की यांनी १९२९ च्या सुमारास अशा चौकटी काढल्या होत्या. अमेरिकेतल्या फिच यांच्या १९५२ च्या पुस्तकात चौकटीऐवजी डावीकडे उभी रेघ आहे.

अडचण आपल्याकडच्या सवयीची आहे. शेवटच्या उत्तराला आपणच चौकट करायला लावतो, प्रश्नपत्रिकेत 'चौकटी पूर्ण करा' असतंच. त्यामुळे चौकटीतलं ते महत्त्वाचं आणि पक्कं, असं मुलांच्या डोक्यात बसलेलं. इथे तर आतलं सगळं उसनं! म्हणून सिद्धतेपुरती उत्तराची चौकट बंद करा, खाली दोन रेघा मारा.

वर्कशीट टाइप करताना ओळी निवडून बाहेरची बॉर्डर दिली की झालं. चौकटीत चौकट आली की मात्र वैताग येतो, तिथे फिच यांची रेघ बरी. आणि पालकहो, गणित येत नसलं तरी वहीतल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून एवढं विचारा: ही आतली की बाहेरची?