सर्दी-खोकलाच तर आहे!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी थोरली बहीण, आमची अक्का, पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहते. वय ८३. दर रविवारी मी तिला भेटायला जाते. त्या रविवारी तिच्या खोलीतला शेजारचा पलंग रिकामा दिसला. गादी गुंडाळून ठेवलेली.

"काकू गेल्या गं बुधवारी," अक्का म्हणाली. "ताप असा नव्हताच. थोडा खोकला. दोन दिवस नुसत्या पेंगत होत्या, जेवण टाकलं. मग दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत."

त्या मजल्यावर आणखी सात-आठ जण खोकत होते. व्यवस्थापकांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, पावसाळ्यात सर्दी-खोकला असायचाच. आणि या वयात काय, निमित्तच लागतं."

हे 'निमित्त' काही केल्या माझ्या मनातून जाईना.

फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे, हे पुणेकरांना तरी सांगायला नको. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. आम्ही शाळा बंद ठेवल्या होत्या. मुलांसाठी जे आपल्याला लगेच सुचलं, ते म्हाताऱ्यांसाठी का सुचू नये? आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यातच असतो, म्हणजे तो काही न सांगता येणारा पाहुणा नाही. म्हाताऱ्या माणसाला कधीकधी फारसा तापही येत नाही. नुसती ग्लानी येते, खाणं सुटतं. म्हणून तर लक्ष ठेवणारी माणसं शिकवलेली हवीत.

आता साधा विचार करा. अक्का आणि तिच्या मैत्रिणी फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. मग आजार आत येतो कसा? आपल्यासारखी भेटायला येणारी माणसं आणतात, नाहीतर काम करणारी माणसं. तिथल्या एका मावशींना मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापतात. अंगात कणकण असली तरी गोळी घेऊन येते मी." याच मावशी दहा-बारा जणींना आंघोळ घालतात, घास भरवतात. त्यांना दोष कसा द्यायचा? दोष पैसे कापणाऱ्या नियमाचा आहे.

आणि खरं सांगायचं, तर दोष माझाही असू शकेल. आदल्या रविवारी माझाही घसा खवखवत होता. आल्याचा चहा घेतला आणि गेले. फाटकावर मला कोणी अडवलं नाही, आणि मलाही थांबावंसं वाटलं नाही. काकूंना आजार माझ्याकडून गेला की आणखी कोणाकडून, हे कधीच कळणार नाही. पण ती टोचणी आहे.

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. शिवाय थकलेल्या शरीरावर तिचा परिणाम तरुणांइतका होत नाही. म्हणून म्हाताऱ्यांच्या भोवतीच्या माणसांनीही ती घ्यायला हवी. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला १९९० च्या दशकात वृद्धांच्या रुग्णालयांत पाहणी झाली होती. जिथे कर्मचाऱ्यांना लस दिली, तिथे वृद्धांचे मृत्यू कमी झाले. त्या निष्कर्षांवर तज्ज्ञांत पुढे वाद झाले, पण मुद्दा समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. ते योग्यच. पण माणूस एकदा संस्थेच्या हवाली केला, की त्याच्या श्वासाची काळजी संस्थेनेच घ्यायला हवी. मला वाटतं, तिने निदान एवढं करावं: पावसाळ्याच्या तोंडावर सर्वांना लस द्यावी, मावशी-वॉर्डबॉयसकट. आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा द्यावी. दोघे खोकू लागले की त्यांची सोय वेगळी करावी आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावं, कारण फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तरच नीट लागू पडतं. आणि नातेवाइकांना खरं काय ते कळवावं.

"संस्था देणग्यांवर चालते, पैसा कुठून आणायचा?" असं कोणी म्हणेल. अडचण खोटी नाही. पण आपण वाढदिवसाला, श्राद्धाला वृद्धाश्रमात गोडाचं जेवण देतो. त्याऐवजी एका वर्षी मावशींच्या लशीचे पैसे द्यावेत. जिलबी एका दुपारची, लस सगळ्या पावसाळ्याची.

मी व्यवस्थापकांना हे सगळं पत्राने कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मी मात्र आता घसा धरला की रविवार चुकवते. अक्का फोनवर रुसते, रुसू दे.

असो. तुमचं कोणी वृद्धाश्रमात असेल, किंवा तुम्ही कोणासाठी जागा शोधत असाल, तर बाग, टीव्ही, देऊळ जरूर बघा. पण निघताना एवढं विचारा: "इथल्या मावशींना आजारपणाची पगारी रजा मिळते का?"